पावडर कोटिंगची गन, एक लाख व्होल्ट आणि ऑपरेटरला बसणारा झटका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळूजला जॉबवर्कची पावडर कोटिंगची शेड तुम्ही नुकतीच चालवायला घेतली आहे. एक बूथ, म्हणजे फवारणीची खोली; रंगाची कोरडी पावडर चार्ज करून जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, फवारणाऱ्या हाताच्या दोन गन; आणि ती पावडर भाजून पक्की करणारा एक बॉक्स ओव्हन. थंडी पडल्यापासून ऑपरेटरला दिवसातून पाच-सहा वेळा झटका बसतो. शेडमधले जुने मिस्त्री म्हणतात, "गनमध्ये लाखभर व्होल्ट असले तरी करंट नसतो, काही होत नाही. फारच वाटलं तर रबरी हातमोजे द्या आणि पायाखाली रबरी मॅट टाका." त्यांचं ऐकावं का? आणि पुढे लिक्विड पेंटची इलेक्ट्रोस्टॅटिक गन येणार आहे, तिथे वेगळं काय सांभाळायचं?

मिस्त्रींचं पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. दुसरं मात्र पार उलटं आहे. हातमोजे आणि मॅट दिली असतील तर आजच काढून घ्या. त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकीची निम्मी काळजी तुम्ही आपोआप घ्याल.

मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. भोसरीत हेल्पर म्हणून जॉब लटकवण्यापासून सुरुवात केली, मग गन हातात आली, आता लाइनचं मेंटेनन्स आणि नव्या पोरांचं ट्रेनिंग बघतो. इतक्या वर्षांत गनच्या टोकामुळे कुणाला गंभीर इजा झालेली मी पाहिली नाही. अर्थ न झालेल्या, म्हणजे जमिनीशी न जोडलेल्या, वस्तूंमुळे झालेली मात्र पाहिली आहे.

गनमध्ये काय चालतं ते बघा. कंट्रोल युनिटमधून केबलने गनमध्ये जातो तो कमी व्होल्टेजचा पुरवठा. गनच्या नळीत कॅस्केड बसवलेलं असतं. कपॅसिटर आणि डायोड यांची ती शिडी व्होल्टेज पायरीपायरीने चढवत नेते आणि टोकाच्या सुईसारख्या इलेक्ट्रोडवर ६० ते १०० किलोव्होल्ट देते. पण करंट मायक्रोअँपमध्ये, साधारण १०० मायक्रोअँपच्या आसपास अडवलेला असतो. तुमच्या बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपला पडतो. गनचा करंट त्याच्या तीनशेव्या भागाइतका आहे. शिवाय टोक जॉबच्या जवळ नेलं की करंट वाढतो आणि व्होल्टेज आपोआप खाली येतं. हाताच्या पावडर गनच्या टोकावरची ठिणगी २ मिलिज्यूलच्या आत राहिली पाहिजे, अशी युरोपीय मानकाची अट असते. चांगल्या गनवर तसं लिहिलेलंही असतं. म्हणून मिस्त्री म्हणतात ते गनपुरतं बरोबर आहे. गन अस्सल असेल, कॅस्केड आणि केबल मूळ कंपनीची असेल आणि नळीला तडा गेलेला नसेल, तर टोकाला हात लागून माणूस मरत नाही.

पण गन जो चार्ज फेकते तो कुठेतरी जायला हवा. त्याने जॉबवर जायचं, जॉबवरून हूक, हूकवरून रॉड किंवा ट्रॉली, तिथून अर्थची तार, आणि तिथून जमिनीत. ही वाट कुठे तुटली तर चार्ज तिथे साचतो. साचलेला चार्ज एकदम सुटतो तेव्हा गनमधला करंट अडवणारा रेझिस्टर मध्ये नसतोच. सगळी ऊर्जा एका क्षणात, एका ठिणगीत बाहेर पडते.

आकडा बघा. पत्र्याचा एखादा दरवाजा बूथमध्ये लटकतोय आणि हूकवर वाळलेल्या पावडरचे थर आहेत, म्हणजे अर्थ नाही. त्याची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, १०० पिकोफॅरड धरू. गनमधून ५० मायक्रोअँप त्याच्यावर येत असेल, तर ३० किलोव्होल्टपर्यंत चढायला त्याला सहा शतांश सेकंद पुरतात. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा त्याच्यात साठतात ४५ मिलिज्यूल. इपॉक्सी, पॉलिएस्टर पावडरचा ढग पेटायला सहसा काही मिलिज्यूल ते काही दहा मिलिज्यूल पुरतात. म्हणजे दोन मिलिज्यूलच्या गनने, तुमच्या समोर, वीसपटीहून मोठी ठिणगी तयार करून ठेवली. हेल्पर जॉब फिरवायला हात पुढे करतो तेव्हा "टक्" असा जो आवाज येतो, तो तिचाच.

आता माणूस घ्या. माणसाच्या अंगाची कपॅसिटन्स साधारण १०० ते २०० पिकोफॅरड. रबरी हातमोजे, रबरी बूट, खाली मॅट. गनमधून बाहेर पडणारे सुटे आयन आणि उडणारी पावडर त्याच्या अंगावर येत राहतात आणि उतरायला वाट नाही. तो २० किलोव्होल्टवर गेला तर त्याच्या अंगात ३० मिलिज्यूल आहेत. मग बूथच्या पत्र्याला कोपर लागलं की झटका, आणि त्या झटक्याच्या जागी हवेत पावडर असते. रबराने झटका थांबत नाही, साठतो. २३० व्होल्टच्या कामाला रबर माणूस वाचवतं हे लहानपणापासून आपल्या मनावर ठसलेलं आहे, म्हणून ही गोष्ट पटायला वेळ लागतो. इथे शत्रू आणि मित्र यांची अदलाबदल झालेली आहे. इथे माणूस जमिनीला जोडलेलाच हवा.

म्हणून ऑपरेटरने गनची मूठ उघड्या तळव्याने धरायची. चांगल्या गनची मूठ मुद्दाम चार्ज वाहून नेणारी केलेली असते. तिच्यातूनच ऑपरेटर अर्थ होतो. हातमोजा लागतच असेल तर तळव्याकडून कापलेला, नाहीतर अँटिस्टॅटिक. मुठीवर पोरं इन्सुलेशन टेप गुंडाळतात, घाम येतो म्हणून. ती सोलून टाका. पायात अँटिस्टॅटिक सेफ्टी शूज घाला, आणि त्यांच्या तळव्याला चिकटलेली पावडर व रंग खरवडत राहा, नाहीतर महिन्याभरात तो बूट साध्या रबरी बुटासारखाच होतो. उघडा काँक्रीटचा कोबा चांगला. त्यावर इपॉक्सी पेंट मारू नका, पुठ्ठा अंथरू नका, आणि फायबरच्या स्टुलावर उभं राहून गन मारायला देऊ नका. कपडे सुती. हिवाळ्यात आत घालायचे अॅक्रिलिकचे स्वेटर हे थंडीतल्या झटक्यांचं एक मोठं कारण आहे. दुसरं कारण कोरडी हवा. पावसाळ्यात हाच बिघाड शेडमध्ये असतो, पण दमट हवेमुळे चार्ज झिरपून जातो आणि कळत नाही. म्हणजे तुमच्याकडे बिघाड थंडीत झालेला नाही, थंडीत फक्त बोलायला लागला आहे.

आता त्या हूककडे या. माझा अनुभव सांगतो, दहा शेडमध्ये झटक्याची तक्रार आली तर आठ ठिकाणी दोष हूकमध्येच निघतो. गेल्या वर्षी एका शेडमध्ये त्यांचा रोजचा हूक मी हॅक्सॉने आडवा कापून दाखवला. मूळ सळी ५ मिलिमीटरची होती, बाहेरून जाडी अंगठ्याएवढी. कापलेल्या तोंडावर कांद्यासारख्या पाकळ्या: काळा, काळा, पांढरा, केशरी, परत काळा, राखाडी. मी एकवीस मोजले, पुढे एकमेकांत मिसळले होते. प्रत्येक थर म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं उत्तम इन्सुलेशन. त्या हूकला जॉब अडकवून अर्थची अपेक्षा करणं म्हणजे बाटलीचं बूच न काढता पाणी ओतणं. मालकाला हे कळायला इतकीच गोष्ट पुरली, की त्याच्या पावडरच्या खर्चात आणि रिजेक्शनमध्येही हाच हूक होता. अर्थ नीट नसला की पावडर चढत नाही, कोपऱ्यात शिरत नाही, ऑपरेटर व्होल्टेज आणि पावडर वाढवतो, बूथमध्ये धूळ वाढते. सुरक्षितता आणि क्वालिटी इथे एकाच सळीला लटकलेल्या असतात.

मोजायचं कसं? साध्या मल्टीमीटरने नाही. त्याचं व्होल्टेज इतकं कमी असतं की मिळालेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून रेझिस्टन्स मोजणारा मीटर, घ्या, ५०० किंवा १००० व्होल्टचा. गन बंद, बूथ साफ, पावडर कुठेही उडत नाही याची खात्री, आणि मग मेगरचं एक टोक लटकवलेल्या जॉबच्या उघड्या धातूला, दुसरं कंट्रोल युनिटच्या अर्थच्या बोल्टला. आकडा १ मेगाओमच्या खाली आलाच पाहिजे. मी स्वतः त्यावर समाधान मानत नाही. घासलेल्या हूकवर तो त्याच्या कितीतरी खाली येतो, आणि १ मेगाओमच्या जवळ घुटमळत असेल तर दोन दिवसांनी तो ओलांडणार हे नक्की. हूक दर शिफ्टला बदलायचे, घाण झालेले बाजूला, घासलेले वापरात. जिथे जॉब टेकतो ती जागा धारदार ठेवा, व्ही आकाराची, म्हणजे वजनाने ती थर फोडून धातूला भिडते. हूक जाळून साफ करणं बर्न-ऑफ ओव्हनमध्ये. गॅस कटरने उघड्यावर जाळू नका, तो धूर पोरांच्या छातीत जातो.

हूकनंतर रॉड, ट्रॉली, ट्रॉलीची चाकं. नायलॉनच्या चाकांची ट्रॉली म्हणजे चार पायांवर उभा असलेला कपॅसिटर. तिला लोंबती साखळी बांधून भागत नाही, कारण साखळी आणि कोबा यांच्यामध्ये पावडर असते. लवचिक तांब्याची तार आणि चांगला घट्ट क्लॅम्प लावा, आणि क्लॅम्प लावल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही असा नियम करा. बूथच्या आत हूक आणि जॉब सोडून दुसरी कुठलीही सुटी धातूची वस्तू नको: पान्हा, चहाचा ग्लास, पावडरचा पत्र्याचा डबा, काही नको. ऑपरेटरच्या खिशात चावीचा जुडगा नको, हातात कडं-अंगठी नको.

मग अर्थ पिट, म्हणजे अर्थची तार जमिनीत उतरते तो खड्डा. बूथ, रिकव्हरी (उडालेली पावडर परत गोळा करणारा भाग), गनचा कंट्रोल, हॉपर (पावडरची टाकी), ओव्हन आणि जॉब लटकवायचा स्टँड या सगळ्यांना एकमेकांशी जाड तारेने जोडून मग ते सगळं एका अर्थला न्यायचं. कुणी "बूथला वेगळा पिट, गनला वेगळा पिट" सुचवलं तर ऐकू नका. दोन पिटमध्ये फरक पडला की दोन वस्तूंमध्ये ठिणगी. आणि न्यूट्रलला अर्थ म्हणून जोडलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता पहिल्यांदा तेच उघडून बघतो. कंट्रोल युनिट एक्स्टेन्शन बोर्डावर चालत असेल तर त्या बोर्डाच्या तिसऱ्या पिनला तार आहे का, हे खोलून बघा. अर्थिंगसाठी आपल्याकडे आयएस ३०४३ आहे. इलेक्ट्रिशियनला त्याप्रमाणे पिटचा रेझिस्टन्स मोजून लिहून द्यायला सांगा. मराठवाड्यातली जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, तेव्हा पिट कोरडा पडतो. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग फाइलला लावून वर्षभर बसू नका, मे महिन्यात परत मोजा.

एक प्रसंग सांगतो. २००० सालानंतरची दोन-तीन वर्षं मी एका शेडमध्ये होतो, नाव घेत नाही. दुसरी शिफ्ट, लांब जाळ्या कोट करत होतो. जाळ्या खाली लोंबत होत्या आणि टोकं हलत होती. एक जाळी तारेच्या हूकवर होती, हूक काळा. हेल्परने ती फिरवायला हात घातला, आणि त्याच्या बोटापासून जाळीपर्यंत निळी रेघ दिसली. पुढे मला आठवतो तो आवाज. स्फोट नव्हता, जाड सतरंजी झटकावी तसा "भप्" असा आवाज, आणि बूथच्या तोंडाशी पिवळा गोळा. अर्ध्या सेकंदात संपलं. हेल्परच्या भुवया आणि पुढचे केस गेले, उजव्या हाताला फोड आले, तीन आठवडे तो कामावर येऊ शकला नाही. आम्ही वाचलो, कारण पंखा चालू होता आणि ढग पातळ होता. फिल्टर त्या दिवशी सकाळीच धुतले होते, केवळ योगायोगाने. फिल्टर चोंदलेले असते तर मी हे लिहायला नसतो असं मला आजही वाटतं.

म्हणूनच हवेबद्दल बोलायला हवं. पावडरचा ढग पेटायला त्यात पुरेशी पावडर लागते. ती खालची मर्यादा पावडरनुसार बदलते, पण ठाऊक नसेल तर २० ग्रॅम प्रति घनमीटर धरायची आणि बूथमध्ये तिच्या निम्म्यावर, म्हणजे १० ग्रॅमच्या आत राहायचं, असा नियम आहे. तुमच्या बूथचं तोंड समजा दीड मीटर बाय दीड मीटर आहे आणि हवा अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने आत जाते. म्हणजे मिनिटाला साधारण ६७ घनमीटर. एका गनमधून मिनिटाला २०० ग्रॅम पावडर निघते आणि जॉबवर काहीच बसली नाही असं धरलं, तरी हवेत ३ ग्रॅम. दोन गन चालल्या तर ६. फिल्टर चोंदून हवा निम्मी झाली की त्याच दोन गन १२ वर जातात. काहीही बदललं नाही, फक्त फिल्टर धुतला नाही, आणि तुम्ही मर्यादेच्या पलीकडे गेलात. पंखा अगदी बंदच असेल तर सहा घनमीटरच्या बूथमध्ये एकटी गन अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे २० ग्रॅम गाठते.

म्हणून पंख्याचं आणि गनचं इंटरलॉक, म्हणजे एकाशिवाय दुसरं चालू न देणारी जोडणी, हवंच. पंखा चालू नसेल तर ट्रिगर दाबून काही होता कामा नये. शेड ताब्यात घेतलीत ना, मग आधी हेच करून बघा: पंखा बंद, ट्रिगर दाबा. गन चालली तर कुणीतरी इंटरलॉकला तार मारून ठेवली आहे. फिल्टरला यू-ट्यूब मॅनोमीटर (हवेच्या दाबातला फरक दाखवणारी, द्रव भरलेली यू आकाराची नळी) लावा, साफ फिल्टरवरची पातळी काचेवर पेनने खूण करा, आणि कुठे धुवायचं तिथे दुसरी खूण. हवा आत खेचली जाते का, हे बघायला टिश्यू पेपरची पट्टी बांधा. काही जण उदबत्तीचा धूर धरून बघतात, ते बूथमध्ये कधीच नको.

उदबत्तीवरून एक सांगायलाच हवं. खंडेनवमी-दसऱ्याला आपण मशीनची पूजा करतो, करावीच. ज्यावर पोट चालतं त्याला नमस्कार करायला मलाही आवडतं. पण आदल्या दिवशी बूथ, डक्ट, फिल्टर आणि हॉपर पूर्ण साफ करा, पावडरचे बॉक्स दुसऱ्या खोलीत न्या, आणि निरांजन-उदबत्ती बूथपासून लांब, ऑफिसच्या टेबलावर ठेवा. गनला हळद-कुंकू लावा, ज्योत लावू नका. कंट्रोल युनिटवर ओलं कुंकू आणि फुलांचं पाणी सांडू नये, एवढंही बघा.

साफसफाई कॉम्प्रेस्ड एअरने करू नका. शेडच्या तुळयांवर, ट्यूबलाइटवर आणि ओव्हनच्या माथ्यावर महिनोन्महिने साचलेली पावडर हवेने उडवली की तुम्हीच ढग तयार केलात. धुळीला चालणारा, अर्थ केलेला व्हॅक्यूम घ्या. तो येईपर्यंत मऊ झाडूने हळूहळू. आणि अंगावरची पावडर एअर गनने झटकायची सवय आजपासून बंद. दाबाची हवा कातडीतून आत गेली तर जीव जाऊ शकतो, आणि उडालेली बारीक पावडर फुफ्फुसात जाते ती वेगळी. रुमाल म्हणजे मास्क नव्हे. एफएफपी-२ चा मास्क द्या, चेहऱ्याला बसतो का ते बघून. पॉलिएस्टर पावडरच्या डेटाशीटमध्ये टीजीआयसी (भाजताना पावडर कडक करणारं रसायन) हे नाव आहे का बघा. युरोपीय वर्गीकरणात ते जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थांत धरतात. सप्लायरला टीजीआयसी नसलेली पावडर मागा, ती मिळते. मेटॅलिक, म्हणजे अॅल्युमिनियमच्या कणांची पावडर गनमध्ये साठून आतून शॉर्ट करते, त्यामुळे तिच्यानंतर गन उघडून पुसायची.

गन उघडण्याआधी क्रम ठरवून द्या: कंट्रोल युनिट बंद, प्लग काढला, दोन मिनिटं थांबलो, इलेक्ट्रोडचं टोक बूथच्या अर्थ केलेल्या पत्र्याला टेकवलं, मग नोझल काढलं. बूथमध्ये पावडर उडत असताना हे टेकवणं नको. आधी हवा साफ होऊ द्या. नळीला केसाएवढा तडा गेला तरी ती बदला, फेव्हिक्विक नको. केबल कापून जोडलेली चालत नाही. गल्लीतल्या दुकानात बनवलेलं स्वस्त कॅस्केड घालू नका, कारण २ मिलिज्यूलची हमी त्या क्षणी संपते.

बूथला आग लागलीच तर आधी गन आणि पावडरचा पुरवठा बंद, आणि पावडरच्या बूथचा पंखाही बंद, नाहीतर जळती पावडर ओढली जाऊन फिल्टरमध्ये जाते आणि तिथे खरा मोठा साठा असतो. सिलिंडरचा जोराचा फवारा पावडरच्या ढिगावर मारू नका. ढीग उडाला की दुसरा ढग. एका मोठ्या लाल बटणावर हे सगळं एकदम बंद होईल असं वायरिंग करून घ्या. ऑटोमॅटिक गन घ्याल तेव्हा फ्लेम डिटेक्टर लागतो. तो अर्ध्या सेकंदात सगळं तोडतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ३७ अशा पेटणाऱ्या धुळीबद्दलच आहे: बंदिस्त ठेवा, साचू देऊ नका, ठिणगीची कारणं दूर ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. या शेडमध्ये माणूस मारणारी वीज गनची नाही. फॉस्फेटिंगच्या, म्हणजे कोटिंगआधी जॉब रसायनात बुडवायच्या, टाक्यांजवळचा ओला कोबा, तिथला पंप, सोललेली केबल, ओव्हनचे हीटर: जीव तिथे जातो. टाक्यांच्या बाजूला ३० मिलिअँपचा आरसीसीबी लावा आणि दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबा. तिथे रबरी बूट-हातमोजे हवेतच. म्हणजे एकाच माणसाला टाकीवर रबर आणि बूथमध्ये रबर नाही. हा फरक पोरांना हात धरून दाखवावा लागतो, नुसत्या बोर्डाने कळत नाही.

आता लिक्विडची गन. पावडरला काही मिलिज्यूल लागतात, थिनरच्या वाफेला मिलिज्यूलचा पाव भागही पुरतो. टोल्यूइनचं घ्या, ०.२४ मिलिज्यूल. तुमच्या अंगावर फक्त २ किलोव्होल्ट असले तरी त्यात ०.३ मिलिज्यूल असतात, आणि इतकी ठिणगी तुम्हाला जाणवतसुद्धा नाही. पावडरमध्ये झटका तुम्हाला सांगून येतो. थिनरमध्ये न सांगता. टोल्यूइन ४ अंशाला वाफ पेटवण्याजोगं होतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. म्हणून लिक्विडच्या बूथजवळ साधी ट्यूबलाइट, साधा स्विच, मोबाइल काही नको. थिनर ओतताना दोन्ही डबे धातूचे, दोघांना जोडणारी क्लॅम्पची तार, आणि ती अर्थला. प्लास्टिकच्या बादलीत गन धुणं बंद. धुताना हाय व्होल्टेज बंद असलंच पाहिजे. लिक्विडमध्ये आग लागली तर पंख्याचा नियम उलट: वाफ साचू नये म्हणून तो चालू ठेवतात. दोन्ही बूथचे पॅनल वेगळे आणि बटणांवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेले हवेत, नाहीतर घाईत चुकीचं बटण दाबलं जातं.

विक्रेता वॉटर-बेस्ड पेंट सुचवेल, आग लागत नाही म्हणून. खरं आहे, पण पाण्याचा पेंट वीज वाहून नेतो. गनचं व्होल्टेज पाइपमधून मागे डब्यापर्यंत येतं, म्हणून तो डबा आणि पंप इन्सुलेटरवर वेगळा ठेवावा लागतो. अशा यंत्रणेची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड धरली आणि ८० किलोव्होल्ट, तर ३.२ ज्यूल होतात. ३५० मिलिज्यूलच्या वर माणसाला धोका धरतात. हे त्याच्या नऊपट. म्हणजे "लाखभर व्होल्ट असले तरी काही होत नाही" हे मिस्त्रींचं वाक्य तिथे लागू नाही, आणि हे त्यांना स्वतः सांगा. तो डबा कुलपाच्या पिंजऱ्यात हवा, दार उघडताच व्होल्टेज तुटलं पाहिजे आणि अर्थ करणारा दांडा आपोआप डब्यावर पडला पाहिजे. ही सोय नसलेली यंत्रणा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. तुमच्या कामाचं प्रमाण बघता मी सध्या पावडरवरच राहायला सांगेन.

छातीत पेसमेकर असलेल्या कुणालाही, ग्राहक असो वा मालक, चालू बूथजवळ नेऊ नका. दारावर तसा बोर्ड लावा.

उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एवढं करा. मेगर इलेक्ट्रिशियनकडून मागून घ्या. सध्या वापरात असलेला हूक, त्याला एक जॉब, आणि रीडिंग. मग तोच हूक घासून, परत रीडिंग. दोन्ही आकडे बूथच्या पत्र्यावर मार्करने लिहा. आणि मेगर तुम्ही धरू नका. ज्या ऑपरेटरला झटके बसतायत त्याच्या हातात द्या, मिस्त्रींना शेजारी उभं करा, आणि आकडा त्यालाच मोठ्याने वाचू द्या.